आम्ही मोडलेला धुरा

परत आल्यापासून गावात मला तीनच प्रश्न विचारले जातात. समुद्र कसा होता, रावणाचा महाल दिसला का, आणि तिथं नारळपाणी फुकट मिळतं हे खरं का. लंकेला जाऊन आलेल्या बाईकडून लोकांना काहीतरी सोनेरी ऐकायचं असतं. मी पदर सावरते, घसा खाकरते आणि चिखलाबद्दल बोलायला लागते. दोन मिनिटांत अंगण रिकामं होतं. म्हणून लिहून काढते आहे. वाचणाऱ्याला उठून जायचं झालं तर निदान पान तरी मिटावं लागतं.

समुद्र आम्ही विमानाच्या खिडकीतून पाहिला, जाताना एकदा आणि येताना एकदा. मधले तीन आठवडे बेटाच्या पोटात, कोरड्या भागातल्या एका तळ्याकाठच्या गावात गेले. गावाचं नाव सांगत नाही. त्या माणसांनी आमची लाज झाकली, आता मी त्यांचं नाव चव्हाट्यावर आणणं बरं नाही.

आम्ही म्हणजे दोघं. एक मी, गोंदियाकडच्या कामठ्याच्या पुढच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते, वय बावन्न. शाळेच्या संमेलनात राक्षसाची भूमिका अजून दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. दुसरे शालिकराम भाऊ, आमच्या गावच्या तलाव समितीचे अध्यक्ष. वीस एकर धानाची शेती, त्यातली निम्मी तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाखाली, अगदी तोंडाशी. पूर्वज माळव्यातून आले हे ते पहिल्या भेटीत सांगतात आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगतात. तलावांवर काम करणाऱ्या एका संस्थेनं दोन देशांतल्या गावांनी एकमेकांकडे स्वयंसेवक पाठवावेत असं ठरवलं. शाळेच्या मुलांकडून मी आमच्या तलावाचा नकाशा काढून घेतला होता, म्हणून माझं नाव लागलं. भाऊ अध्यक्ष, म्हणून त्यांचं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या. घरच्यांनी मला निरोप देताना जेवढा आनंद दाखवला, तेवढा दाखवायची काही गरज नव्हती.

भातवाल्यांच्या घरी

आमची सोय गुणदासा आजोबांच्या घरी होती. सत्तरीचा हडकुळा माणूस, अंग उघडं, कमरेला लुंगी, बोलणं इतकं कमी की पहिल्या दिवशी मला वाटलं त्यांना ऐकू येत नसावं. पहिल्या सकाळी त्यांच्या घरच्या आजींनी न्याहारीला भात वाढला. नारळाच्या दुधात शिजवून, थापून, वड्या पाडलेला. दुपारी भात. संध्याकाळी पुन्हा भात. शालिकभाऊ भारावून गेले.

"बाई, हा देश आपलाच आहे. नाहक पासपोर्ट काढाले लावला."

भाताबरोबर खोबऱ्याची लाल चटणी असे. भाऊंचा सोमवार असतो, त्या दिवशी ते अंड्याच्या सावलीलाही उभे राहत नाहीत. तो पहिला दिवस सोमवारच होता. चटणी त्यांनी तीनदा मागून घेतली. तिच्यात वाळलेल्या मासळीचा चुरा आहे हे मला पहिल्या घासाला वासावरून कळलं होतं. मी सांगितलं नाही. मंगळवारी सांगितलं.

"मास्तरीनबाई, कालच काऊन नाही सांगितलं?"

"काल तुमचा सोमवार होता. म्हटलं, मन कशाला दुखवायचं."

ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि संध्याकाळी त्यांनी चटणी मागून घेतली.

चहाची परीक्षाही भाऊंनीच आधी दिली. काळा चहा आला, सोबत बशीत गुळाचे खडे. भाऊंनी तीन खडे कपात सोडले आणि बोटानं ढवळायला घेतले. आजी हळूच समोर बसल्या, एक खडा तळहातावर घेतला, एक चावा, एक घोट, एक चावा, एक घोट, असं करून दाखवलं. मी पहिलीच्या मुलांना 'अ' गिरवून दाखवते, अगदी तसं. वीस एकरांचा मालक मान खाली घालून शिकला.

काम साधं होतं. सकाळी तळ्यातली जलपर्णी ओढून काढायची, दुपारनंतर पाटातला गाळ उपसायचा. आमच्याकडचा चोरखमाऱ्याचा मोठा तलाव पाहिलेल्या माणसाला हे तळं म्हणजे बोडी, लहानसं डबकं वाटेल, पण त्यावर सगळं गाव जगतं. संध्याकाळी सगळं गावच त्यात आंघोळीला उतरतं. बाया छातीपासून लुगडं गुंडाळून, पुरुष पलीकडच्या घाटावर. अंघोळ करता करता दिवसभराच्या बातम्या होतात. आमच्याकडे ज्या गोष्टी पानठेल्यावर कळतात, त्या तिथं कानात पाणी जाता जाता कळतात. मला अर्थातच काही कळत नव्हतं. मी हसण्याच्या जागी हसत होते.

पांढरा दिवस

भाषेचा पूल म्हणजे गावच्या विहारातले तरुण भंते. ते बनारसला शिकून आलेले, त्यामुळे हिंदी चांगलं. आम्ही गोंदियाचे, आमचं अर्धं बोलणं हिंदीतच. मी पहिल्याच भेटीत दोन्ही हात जोडून, आवाज लावून "जयभीम, भंतेजी!" म्हटलं. ते नुसते प्रसन्न हसले. हात काही जोडले नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं, यावेळी मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू जाईल असं. शालिकभाऊ म्हणाले, "राहू द्या बाई, देवळाचा कळस पडन."

नंतर कळलं की तिथं भिक्षू कोणाच्याच नमस्काराला हात जोडत नाहीत, राष्ट्रप्रमुखाच्याही नाही. रीत आहे ती. पण माझा चेहरा पाहून भंतेंनी दुसऱ्या दिवशी लांबूनच "जयभीम, मैडम" म्हटलं. त्यावेळी हात चिवराच्या आतच होते.

बुद्धपौर्णिमा आली. मी खास नेलेलं पांढरं लुगडं नेसले, आणि बाहेर येऊन बघते तर सगळं गाव पांढरं. म्हातारे, पोरं, बाया. आमच्या घरात बुद्ध आले ते माझ्या आजोबांच्या तरुणपणी. त्यांनी नागपूरहून दीक्षा घेऊन परत येऊन घरातले सगळे देव तळ्यात सोडले ती हकिकत मी शंभरदा ऐकली आहे. या लोकांकडे बुद्ध दोन हजार वर्षांपासून आहेत. ते त्यांच्याशी घरच्या म्हाताऱ्याशी वागावं तसं वागतात, फुलं ठेवता ठेवता जांभई देतात. मला भरून आलं होतं. तेवढ्यात मागून शालिकभाऊंचा आवाज आला.

"बाई, इकडे या. मजा पाहा."

विहाराच्या बाजूच्या खोलीत, निळ्या अंगाचे, चार हातांचे, साक्षात विष्णू उभे होते.

"आमचा देव तुमच्या आधी येऊन बसून राहिला ना इथं!" भाऊंना एवढं खुश मी त्यांच्या पोराच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मी भंतेंकडे वळले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "मैडम, ये बाहर का चौकीदार है. अंदर भगवान बुद्ध हैं."

आता शालिकभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा होता. मी मात्र परत मूर्तीकडे वळले. माझ्या आजोबांनी ज्याला तळ्यात सोडलं, तो इथं दारावर राखण करतो, हे पचवायला मला बराच वेळ लागला. अजून पुरतं पचलं नाही.

त्या दिवशी रस्त्यांवर लोक फुकट जेवण घालत होते, आणि घालत होते म्हणजे बस अडवून, हात धरून खाली उतरवून. नको म्हटलं तर हिरमुसत. भाऊंनी पाच ठिकाणी जेवून पुण्य केलं. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे. त्या गावात देणाराच आर्जव करतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी दोनच दिवसांनी जे करू नये ते आम्ही केलं.

धुरा

आमच्याकडे धानाच्या एका तुकड्याला बांधी म्हणतात आणि तिच्या मातीच्या बांधाला धुरा. धुरा वीतभर सरकला म्हणून सख्खे भाऊ मरेपर्यंत बोलत नाहीत, पुतणीच्या लग्नाचं जेवण सोडतात, कोर्टाच्या तारखांना मात्र एकाच गाडीनं जातात.

त्या वर्षी तळ्यात पाणी थोडं होतं. गाव फक्त पारीखालच्या वरच्या बांध्या कसत होतं. खालचं शिवार पडीक. ज्यांची शेतं खाली, ते यंदा बसून असतील, असं आम्ही धरून चाललो. आमच्याकडे तसंच असतं. गुणदासा आजोबांची जमीन तळ्याच्या तोंडाशी होती. त्यांच्या सगळ्यात मोठ्या बांधीच्या मधोमध एक धुरा शालिकभाऊंच्या नजरेत भरला.

"पाहा बाई. बाकीच्या धुऱ्यांवर गवत आहे. याच्यावर एक पान नाही. हा यंदाचा आहे."

धुऱ्याच्या पलीकडे एक चाळिशीची बाई फळीनं चिखल सारखा करत होती. तिचं नाव कुसुमा. तळ्यावर आंघोळीला भेटायची, माझ्या पाठीला साबण लावून द्यायची.

"म्हातारा सीधा आहे," भाऊ म्हणाले. "या बाईनं त्याची अर्धी बांधी गिळली, अन् तो तिच्याकडे पाहून हासून राहिला."

"भंतेजींना विचारू."

"भंतेजी परवा येतीन. अन् विचाराले काय आहे? धुरा सोता बोलून राहिला ना!"

भंते दोन दिवसांसाठी दुसऱ्या गावी गेले होते हे खरं. दोन दिवस थांबता आलं असतं, हेही खरं. पण ज्या म्हाताऱ्याच्या घरचं आम्ही मीठ खात होतो त्याच्यावर अन्याय होतो आहे, आणि तो मुकाट आहे, या कल्पनेनं माझ्या अंगात नाटक शिरलं. मुकाट बसणाऱ्या बापाचं चित्र माझ्या ओळखीचं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता आम्ही फावडी घेऊन गेलो. भाऊंनी कितीतरी वर्षांत स्वतः फावडं धरलं नव्हतं, त्यांच्याकडे माणसं आहेत. तरी असे सपासप चालले की मी बघत राहिले. पलीकडची अर्धी बांधी चार बोटं उंच होती; धुरा फुटला तसं तिच्यातलं पाणी खालच्या बाजूला खळखळत आलं आणि आजोबांच्या बाजूच्या मोरीतून पाटात जाऊ लागलं. तासाभरात धुरा सपाट झाला. एकसंध बांधी सकाळच्या उन्हात चमकत होती. आम्ही पाय धुतले आणि घरी येऊन चहाला बसलो.

मी आजोबांना खुणांनी सांगितलं. एका हातानं भिंत दाखवली, दुसऱ्या हातानं ती पाडली, मग दोन्ही हात पसरून म्हटलं, सगळं तुमचं. अभिनय उत्तम झाला. आजोबांना पहिल्या झटक्यात समजलं. त्यांनी कप खाली ठेवला, उठले आणि अनवाणीच शेताकडे निघाले.

"गहिवरले म्हातारबा," शालिकभाऊ म्हणाले.

बीज

आम्ही मागोमाग पोचलो तेव्हा धुऱ्याच्या जागी दहा-बारा माणसं उभी होती. आजोबा घोट्याइतक्या चिखलात उतरून मोरी मातीनं बुजवत होते. कोणी ओरडत नव्हतं. आमच्याकडे एव्हाना काठ्या निघाल्या असत्या, निदान एकमेकांच्या आयांची आठवण झाली असती. इथं सगळे आमच्याकडे नुसते बघत होते. मी आयुष्यात खूप प्रेक्षकांसमोर उभी राहिले आहे. असे प्रेक्षक कधी मिळाले नव्हते.

कोणीतरी भंतेंना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"मैडम, आपने क्या किया?"

"अतिक्रमण हटाया, भंतेजी," मी म्हटलं, पण आवाज आधीच खाली आला होता.

 मग त्यांनी सांगितलं. तळ्यात पाणी कमी असेल त्या वर्षी गाव बैठक घेतं. सगळं शिवार भिजणार नाही, म्हणून फक्त वरच्या बांध्या पेरायच्या, आणि त्या बांध्या त्या हंगामापुरत्या सगळ्यांत वाटायच्या, ज्यांची शेतं खाली कोरडी आहेत त्यांच्यातसुद्धा. बेत्मा म्हणतात त्या वाटणीला. दोरीनं मोजून, सगळ्यांसमोर. कुसुमाचं स्वतःचं शेत शिवाराच्या पार शेपटाला. यंदा तिच्या वाट्याला आली होती ती गुणदासांची ही अर्धी बांधी, आणि तेवढीच. तिचा नवरा किडनीच्या आजारानं घरी आहे, आठवड्यातून दोनदा त्याला शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागतं. घरचा भात या तुकड्यातूनच निघायचा होता.

शालिकभाऊंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"जमीन किसकी है?"

"गुणदासा की."

"और धान?"

"कुसुमा का."

"कागज बनाया?"

"नहीं."

"और फसल के बाद उसने जमीन छोड़ी नहीं, तो?"

"मैं समझा नहीं," भंते म्हणाले.

भाऊंनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. पलीकडून शेवटी उत्तर आलं, "क्यों नहीं छोड़ेगी?" ते खरोखरच विचारत होते. भाऊंनी फोन मला परत दिला.

तेवढ्यात कुसुमा आली. तिनं फुटलेला धुरा पाहिला, आम्हाला पाहिलं, आणि परत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती एक टोपली घेऊन आली, वरचं ओलं गोणपाट बाजूला केलं. आत भिजवलेलं धान होतं, प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब फुटलेला. ती फोनमध्ये दोन वाक्यं बोलली. भंतेंनी सांगितलं, "कहती है, बीज जाग गया है. अब उसको वापस सुला नहीं सकते."

तिथले लोक मोड आलेलं बियाणं चिखलात फोकून पेरतात. दुसऱ्या दिवशी पेरायचं होतं. तिच्या तुकड्यातलं पाणी निघून गेलं होतं, पाटाला पाणी पाच दिवसांनी सुटणार, आणि वर मे महिन्याचं ऊन. चिखल सुकला की बियाणं गेलं. दुसरं तिच्याकडे नव्हतं.

मी शेपटाकडच्या शेतात वाढलेली पोर. माझ्या बाबांचं दीड एकर आमच्या तलावाच्या पाटाच्या अगदी टोकाला होतं. पाटाला किती पाणी सुटलं हे आम्हाला पाण्यावरून कधी कळलं नाही, वरच्यांच्या धानाच्या रंगावरून कळायचं. आणि मी पाच हजार मैलांवरून आल्यासारखी ऐटीत आले, आणि फावडं घेऊन शेपटाकडच्याच बाईचा धुरा मोडला.

दोरी

कोणी आम्हाला काम सांगितलं नाही, म्हणून आम्हीच फावडी उचलली. पाटकऱ्यानं, म्हणजे पाणी वाटणाऱ्या माणसानं, पुन्हा दोरी आणली. आजोबांनी एका टोकाला खुंटी रोवली, कुसुमानं दुसऱ्या टोकाला. दोघांनी एकमेकांची खुंटी तपासलीसुद्धा नाही.

शालिकभाऊ धुरा घालायला लागले आणि सवयीनं गोंदियाचा धुरा घातला, रुंद, वरून माणूस चालेल असा, तुरीची ओळ लागेल असा. कुसुमा मागून आली. तिनं फावड्यानं तो तासायला सुरुवात केली. एक फटका तिच्या बाजूनं, एक फटका आजोबांच्या बाजूनं, दोन्हीकडून सारखा. भाऊ बघत राहिले, मग पुढचा धुरा अरुंद घालू लागले.

धुरा झाल्यावर आजोबा बादल्या घेऊन आले. कुसुमाच्या बाजूचं जे पाणी खाली आलं होतं, त्यातलं मोरी बुजवल्यामुळे बरंचसं आजोबांच्या अर्ध्यात थांबलं होतं. ते वर उपसायचं. किती तिचं आणि किती त्यांचं, हे त्या पाण्यावर लिहिलेलं नव्हतं. आजोबा भरून देत, मी मधे, भाऊ वर ओतत. आजोबांच्या बाजूचा चिखल उघडा पडू लागला तेव्हा भाऊंनी त्यांना हातानं थांबवलं, बास. आजोबांनी बादली पुन्हा बुडवली.

दुपारी आम्ही दोघं अर्जुनाच्या झाडाखाली बसलो. आजींनी केळीच्या पानात बांधून भात पाठवला होता. शालिकभाऊंच्या तळहातांना फोड आले होते. ते भाताकडे बघत म्हणाले,

"बाई, तुमचे बाबा आमच्या घरी पाण्यासाठी येत होते."

मी केळीचं पान उलगडत राहिले.

"मी दारात उभा राहत होतो. माहा बाप म्हणायचा, सांग, घरी नाही. मी सांगत होतो, बाबा घरी नाही. बाप आतच खाटेवर राहायचा."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तुमच्या बाबांचा खोकला बाहेर ऐकू यायचा."

भाऊंनी मान वर केली. "मंग ते कायले काही बोलत नव्हते?"

"तुम्ही पंधरा वर्षांचे होता. बाबा म्हणायचे, पोराला खोटं पाडून काय करू."

त्यांनी भाताचं पान बाजूला ठेवलं, मग पुन्हा जवळ ओढलं आणि सगळा भात खाल्ला. टाकला असता तर ते बरं दिसलं नसतं. आम्ही उठलो आणि संध्याकाळपर्यंत पाणी ओढलं. बोलणं त्या दिवशी एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमानं बी पेरलं. टोपली कमरेवर, पाठीमागे पावलं टाकत, मनगटाच्या एका झटक्यात मूठ पंख्यासारखी पसरायची. आम्ही धुऱ्यावर पायही ठेवला नाही.

रोवणी

बाराव्या दिवशी त्या बांधीत हिरवं पाणी हलल्यासारखं पीक हलत होतं. भंते परत आले होते. म्हणाले, बचा लिया. पण वाचलं सगळं नव्हतं. कुसुमाच्या बाजूचा वरचा कोपरा, जिथं बादलीचं पाणी चढलं नाही, तिथला चिखल कडक झाला होता. दोन-तीन अंगणांएवढा तुकडा उघडा पडला होता. कुसुमा त्याबद्दल बोलत नव्हती. तळ्यावर भेटली की माझ्या पाठीला साबण पूर्वीसारखाच लावायची. तेच जास्त लागायचं.

मी शालिकभाऊंना म्हटलं, "आपल्याकडे काय करतात?"

"पऱ्हे काढून रोवतेत. पण हे फोकणारे लोक, यायले रोवणी कुठं माहीत."

"मला माहीत आहे ना."

कुसुमाला भंतेंकडून विचारलं. ती म्हणाली, बघा. कोपऱ्यात पाणी पोचलं होतं आता, पाटाची पाळी येऊन गेली होती. मी तिच्या दाट भागातली रोपं, म्हणजे आमचे पऱ्हे, मुळासकट सोडवली, जुड्या केल्या, लुगडं खोचलं आणि वाकले. आमच्या बाया रोवतात तशी, चार-चार काड्या, मागे सरकत. शाळेत लागण्याआधी मी तीन पावसाळे मजुरीनं रोवणी केली आहे. कंबर विसरली होती, हात विसरले नव्हते. गावातल्या बाया गोळा झाल्या. एवढी जाड बाई मागे मागे चालते आहे हे बघून हसायला लागल्या. मी त्यांना धुऱ्यावरून मजुरांवर ओरडणाऱ्या आमच्याकडच्या सावकारीणबाईची नक्कल करून दाखवली, वाकूनच. मग त्यातल्या दोघी पाण्यात उतरल्या. मग कुसुमा उतरली. तिची ओळ माझ्यापेक्षा सरळ होती, पहिल्याच दिवशी.

शालिकभाऊ धुऱ्यावरून जुड्या फेकत होते. आमच्याकडे ते काम गडी करतात. कोपरा संपत आला तेव्हा ते माझ्याजवळच्या टोकाला येऊन उभे राहिले.

"बाई."

"फेका जुडी."

"यंदा पाणी कमी पडलं ना, तर पहिली पाळी शेपटाले देऊ. तुमच्या बाबाच्या बांधीपासून वर."

मी वाकलेलीच राहिले. "शालिकभाऊ, ते शेत आम्ही केव्हाच विकलं. पाणीच नव्हतं, ठेवून काय करणार."

त्यांनी फेकायला उचललेला हात खाली घेतला. जुडी हातातच होती.

"मंग आता कोण कसते?"

"सुखदेव. सालेकशाहून येऊन राहिलेला. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जातो तो."

"तो कधी आला नाही माझ्याकडं पाण्यासाठी."

"कोणीतरी सांगितलं असेल त्याला, की तुम्ही घरी नसता."

भाऊंनी जुडी फेकली. ती नेमकी माझ्या हाताशी पडली.

"सुखदेव तर सुखदेव," ते म्हणाले. "त्याले देऊ."

"द्या."

परवा भंतेंनी फोटो पाठवला. रोवलेला कोपरा बाकीच्या पिकापेक्षा थोडा मागे आहे, पण लोंबी धरली आहे. कुसुमा त्यात उभी आहे, कमरेवर हात ठेवून, फोटो काढणाऱ्यावर वैतागलेली. शालिकभाऊंना दाखवला, तर त्यांनी फोन डोळ्याजवळ नेऊन फक्त तो कोपराच पाहिला.

इकडे आमच्या रोवण्या संपल्या आहेत. यंदा पाऊस हात आखडून आहे. तलाव अर्ध्याच्या वर गेलेला नाही. धान पोटरीत आलं, लोंबीला पाणी हवं झालं, की समितीची बैठक लागेल. भाऊंनी बैठकीच्या विषयांत पाण्याची पाळी लिहून ठेवली आहे, हे मी त्यांच्या वहीत पाहिलं. पारीखालच्या बाकीच्या मालकांना त्यांनी अजून विचारलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही पोरांनाही नाही.

सुखदेव रोज सकाळी शाळेवरून जातो, "नमस्ते मॅडम" म्हणतो. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.